मुलांना संस्कार द्यायचेत? आधी पाण्यात मीठ टाका

कुणी बसमध्ये असाल, कुणी जिममध्ये, कुणी भांडी घासता घासता एका कानात इयरफोन घालून ऐकत असाल.

आजचा विषय ऐकून काहीजण लगेच पुढच्या एपिसोडवर जातील, म्हणून आधीच सांगतो, पाच मिनिटं थांबा. विषय आहे, लहान मुलांना धर्मातली मूल्यं शिकवायची कशी? त्यातही प्रवचन न देता, हातात वस्तू देऊन, काहीतरी करायला लावून.

तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाला, बीटेक केलेला, तुझं आणि संस्कार वर्गाचं काय नातं? तर सांगतो. आमच्या सोसायटीत गेली दोन वर्षं रविवारी सकाळी मी एक तास मुलांसोबत बसतो. पहिली ते सहावीतली चौदा-पंधरा मुलं. मला दादा म्हणतात. मी काही पुजारी नाही, कीर्तनकार तर मुळीच नाही. शेजारच्या आजी आधी हा वर्ग घ्यायच्या, त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि माझ्या आईनं परस्पर माझं नाव सुचवलं. मराठी घरात नेमणुका अशाच होतात.

आता मूळ प्रश्न. सात-आठ वर्षांच्या मुलाला "देव सगळीकडे आहे" असं सांगितलं की काय होतं? तो मान हलवतो. "खरं बोलावं", मान हलवतो. "सगळे सारखे", पुन्हा मान हलते. आपण खूश. पण त्याच्या डोक्यात काय गेलं? काहीच नाही. आम्ही कोडिंग शिकताना नुसती डॉक्युमेंटेशन वाचली की असंच व्हायचं. सगळं कळल्यासारखं वाटायचं आणि कीबोर्डवर हात ठेवला की पाटी कोरी.

जाँ पियाजे हा स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ. त्यानं मांडलं की साधारण सात ते अकरा या वयात मुलं विचार करतात तो समोरच्या, हाताळता येणाऱ्या गोष्टींच्या आधारानं. नुसत्या अमूर्त कल्पना पेलायची ताकद नंतर येते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, पुढे कोसबाडला गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे, आजूबाजूला जे मिळेल त्यातून आदिवासी मुलांचं शिक्षण. म्हणजे "हातानं शिका" ही काही परदेशातून परवाच आलेली फॅशन नाही.

आणि धर्माचं म्हणाल, तर ही पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे. छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय घ्या. नाव ऐकून घाबरू नका, गोष्ट एकदम घरगुती आहे.

श्वेतकेतू नावाचा मुलगा. बाराव्या वर्षी शिकायला गेला, चोविसाव्या वर्षी परत आला. डोक्यात हवा गेलेली, मला सगळं येतं. आपल्यापैकी कॅम्पस प्लेसमेंट झाल्यावर घरी गेलेले सगळे हा मुलगा ओळखतील. त्याचे वडील उद्दालक आरुणी. ते त्याला झापत नाहीत, लेक्चर देत नाहीत. ते त्याला कामाला लावतात.

एकदा म्हणतात, वडाचं एक फळ आण. फोड. काय दिसतं? बारीक बारीक बिया. त्यातली एक फोड. आता काय दिसतं? काहीच नाही. मग वडील सांगतात, हे जे तुला दिसत नाहीये ना, त्यातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे.

दुसऱ्यांदा म्हणतात, हे मीठ रात्री पाण्यात टाकून ठेव, सकाळी ये. सकाळी म्हणतात, ते मीठ परत दे. मुलगा शोधतो, सापडत नाही. मग चाखायला सांगतात. या बाजूनं, मधून, त्या बाजूनं. सगळीकडे खारट. दिसत नाही, पण नाही असं म्हणता येत नाही.

त्याच अध्यायात अजून एक प्रयोग आहे. पंधरा दिवस जेवायचं नाही, पाणी हवं तेवढं पी. पंधरा दिवसांनी विचारतात, म्हण बघू वेद. काहीच आठवत नाही. मग जेव म्हणतात. जेवल्यावर सगळं आठवतं. मन अन्नावर चालतं, हे असं सिद्ध केलं. हा प्रयोग मुलांवर करू नका. आया आपल्याला सोडणार नाहीत.

यात मला सगळ्यात भारी वाटतो तो क्रम. आधी काम, मग प्रश्न, अर्थ सगळ्यात शेवटी. आणि मध्ये एक अख्खी रात्र. बाप घाई करत नाही. आपण नेमकं उलट करतो. आधी अर्थ सांगतो, मग उदाहरण देतो आणि मुलगा विचार करायच्या आत "कळलं ना?" म्हणून मोकळे होतो.

तर आम्ही हा मिठाचा प्रयोग केला. स्टीलचे पेले, प्रत्येकाच्या घरचा चमचा, चिमूटभर मीठ. रात्रभर ठेवायचं म्हणून प्रत्येकानं आपापल्या घरी शनिवारी रात्री टाकलं आणि रविवारी पेला सांभाळत जिना उतरून आणला. अर्ध्यांचं पाणी जिन्यात सांडलं, ते सोडा. मी विचारलं, मीठ परत द्या. सगळे चमच्यानं ढवळतायत, कुणी बोट घालतंय. मग चाखलं, तोंडं वाकडी केली.

आणि पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, मी देतो परत. पाणी उकळलं की मीठ खाली राहतं. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे."

आता काय करायचं? इथे बरेच मोठे लोक म्हणतील, "अरे, तसं नसतं विचारायचं, भावार्थ बघ." मला वाटतं, तिथे आपण त्या मुलाला कायमचं गमावतो. त्याच्या डोक्यात दोन कप्पे होतात. शाळेत विचारायचं, देवाच्या वर्गात मान हलवायची. आम्ही काय केलं, एका पसरट ताटलीत ते पाणी ओतलं आणि गच्चीत उन्हात ठेवलं. दोन दिवसांनी ताटलीत पांढरी खडी. तोच मुलगा ताटली घेऊन घरोघर दाखवत फिरला. पुढच्या रविवारी मी फक्त विचारलं, "मग मीठ कुठे गेलं होतं?" दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "कुठेच नव्हतं गेलं. आपल्यालाच दिसत नव्हतं."

मी यापेक्षा चांगलं सांगू शकलो नसतो. बरं, हे तिनं सांगितलं म्हणून बाकीच्यांनी ऐकलं. मी सांगितलं असतं तर मान हलवली असती.

ही पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. ज्यू लोकांचा वल्हांडणाचा सण, पेसाख. त्या रात्रीच्या जेवणाला सेदर म्हणतात. ते जेवण म्हणजे अख्खा वर्गच असतो. इजिप्तमधल्या गुलामीतून पूर्वज सुटले, ती गोष्ट मुलांना जिभेनं शिकवायची. बेखमीर भाकरी, कारण निघताना पीठ फुगायला वेळ नव्हता. कडू पाला, गुलामीच्या कडवटपणासाठी. आणि मिठाचं पाणी, अश्रूंसाठी. बघा, तिथेही मीठच! घरातल्या सगळ्यात लहान मुलानं प्रश्न विचारायचे असतात, आजची रात्र वेगळी का, म्हणून. प्रश्न विचारणं हाच विधी.

हे आपल्यापासून लांब नाही बरं का. कोकणातले बेने इस्राएली मराठी बोलणारे. १८७४ मध्ये पुण्यात या सेदरची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. त्यातल्या चित्रात ती भाकरी बनवणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत. गोष्ट इजिप्तची, पण हात आपल्या घरातले. मुलाला पटतं ते असं.

आता गणपती. आम्ही शाडूची माती आणली, प्रत्येकानं आपला गणपती केला. आपण ज्याला पार्थिव मूर्ती म्हणतो त्याचा अर्थच मातीची. ज्या हातांनी केली त्याच हातांनी विसर्जन करायचं, यातलं शिकणं फार खोल आहे. जीव लावायचा आणि सोडायचंही. बादलीभर पाण्यात शाडू विरघळते, गाळ खाली बसतो, तो सुकवून पुढच्या वर्षी वापरता येतो. मुलांना हे पुन्हा वापरणं फार आवडलं.

पण एका मुलीनं विसर्जन करायला नकार दिला. "माझा आहे, मी नाही बुडवणार." रडून गोंधळ. आई म्हणाली, दादा, समजवा ना तिला. मी नाही समजावलं. ठेव म्हटलं. न भाजलेली शाडू सुकली की तडकते. दिवाळीपर्यंत सोंड पडली, मग एक कान. एका रविवारी ती स्वतः ते सगळं कागदात गुंडाळून घेऊन आली. "दादा, आता याला बादलीत सोडूया. म्हणजे पुढच्या वर्षी परत होईल." तिचं अनंत चतुर्दशीचं मुहूर्त दोन महिने उशिरा आलं, एवढंच. जबरदस्ती केली असती तर ती फक्त हरली असती, शिकली नसती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ज्यासाठी खरं तर हा एपिसोड करतोय.

आपल्या परंपरेत मुलांसाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, वस्तूतून शिकवलेला सगळ्यात सुंदर धडा कोणता? माझं मत, गोपाळकाला. कृष्णानं गुरं राखायला गेल्यावर सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या. कुणाचं दही, कुणाचे पोहे, कुणाच्या ज्वारीच्या लाह्या, काकडी, लोणचं. एकदा कालवलं की कुणाचं काय ते वेगळं काढता येत नाही. श्रीमंताची शिदोरी आणि गरिबाची शिदोरी एकाच घासात. कीर्तन सप्ताहाची सांगता काल्यानं होते. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला काला होतो आणि मग पालख्या परतीच्या वाटेला लागतात. "सगळे सारखे" हे वाक्य एकदाही न उच्चारता शिकवायची ही सोय आहे. हातानं कालवा, तोंडात घाला, झालं.

पण याच पंढरपुरात दुसरी गोष्टही आहे. संत चोखामेळ्यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, म्हणजे बाहेर. साने गुरुजी, तेच 'श्यामची आई'वाले, १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले, दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून. १० मेला ते सुटलं. तारीख बघा. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने राहिले होते. काल्याचा धडा शेकडो वर्षं चालू होता आणि दरवाजा मात्र बंद होता. वस्तू बरोबर शिकवत होती. मोठी माणसं परीक्षेत बसायला तयार नव्हती.

हे सगळं इतिहासात राहिलं असं वाटतं ना? आमच्या सोसायटीत या.

मागच्या दहीहंडीला आम्ही काला करायचं ठरवलं. नियम एकच, प्रत्येकानं आपल्या घरून एक वाटी काहीतरी आणायचं. आमच्या वर्गात एक तिसरीतली मुलगी आहे. तिची आई आमच्या इमारतीचे जिने झाडते, सगळे त्यांना मावशी म्हणतात. रविवारी शाळा नसते म्हणून ती आईबरोबर येते, आणि पहिल्या दिवसापासून वर्गाला बसते. गोष्ट सांगायला लागली की बाकीची मुलं गप्प होतात, इतकी भारी सांगते. तर ती पण डबा आणणार होती. लाह्या आणि घरचं लोणचं.

आदल्या दिवशी एका मुलाचे वडील भेटले. चांगला माणूस, हसून बोलणारा. म्हणाले, "कालवण्यापेक्षा प्रत्येकाला आपापल्या वाटीत देऊया ना. आजकाल हायजीनचं बघायला लागतं." मग सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, केटररकडून पॅक केलेला प्रसाद मागवू, सगळ्यांना सोयीचं. खाली अंगठ्यांची रांग. कुणीही त्या मुलीचं नाव घेतलं नाही. कुणीही काही वाईट बोललं नाही. गंमत म्हणजे याच लोकांची पोरं शाळेच्या मैदानात एकमेकांची उष्टी चॉकलेटं खातात, तेव्हा हायजीन आठवत नाही.

रविवारी मी मुलांनाच विचारलं. मोठ्यांचं काय चाललंय ते सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "एक सूचना आली आहे. सगळ्यांनी आपापल्या वाटीत खायचं, कालवायचं नाही. चालेल?" तोच पाचवीतला मिठाच्या ताटलीवाला म्हणाला, "मग तो काला कसा होईल? तो तर टिफिन झाला."

संपला विषय. सगळ्यांनी साबणानं हात धुतले, नखं तपासली, हायजीनचा मान राखला. एकच पातेलं ठेवलं. दही सगळ्यात आधी, मग पोहे, मग लाह्या, काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेवटी लोणचं. ज्याला खायचं नाही त्यानं खाऊ नये, पण पातेलं एकच राहील, असं मी जमलेल्या पालकांना सांगितलं. माझा आवाज थोडा कापत होता, खोटं कशाला बोलू. माणसं रोज लिफ्टमध्ये भेटणारी आहेत.

तीन मुलांना त्यांचे पालक तिथूनच घेऊन गेले. त्यातली दोन पुढच्या रविवारी परत आली. एक अजूनही येत नाही, आणि तो मला खाली पार्किंगमध्ये भेटला की बाबांकडे बघून मग हात हलवतो. क्लबहाऊस रविवारी "इतर कार्यक्रमांसाठी" लागायला लागलं, म्हणून आता आम्ही गच्चीत बसतो. पावसाळ्यात अवघड जातं.

मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात जिना झाडता झाडता एवढंच म्हणाल्या, "दादा, पुढच्या वेळी किती पोरं असतील ते आधी सांगत जा. लाह्या कमी पडल्या."

या सगळ्यातून मला जे कळलं ते तुम्हाला सांगतो. वस्तूतून शिकवणं हे गोड, निरुपद्रवी काम नाही. शब्द शिकवला की मूल शब्द परत करतं. वस्तू हातात दिली की मूल ती घेऊन तुमच्याकडे वळतं. विचारतं, मग तुमच्या घरात असं का नाही? म्हणून कुठलाही धडा निवडायच्या आधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. उद्या पोरांनी हाच धडा माझ्यावर लावला तर माझी तयारी आहे का? नसेल, तर तो रविवार आम्ही पतंग उडवतो.

आता थोडं प्रॅक्टिकल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मुलं नसतील. मलाही नाहीत. पण भाचे, पुतण्या, शेजारची पोरं असतीलच. त्यांच्यासोबत काही करणार असाल तर या चार गोष्टी.

पहिली, वस्तू घरातली घ्या. मीठ, माती, बी, पीठ. ऑनलाइन किट मागवलं की मुलाला वाटतं देव कुरिअरनं येतो.

दुसरी, जादू दाखवू नका. काळं पाणी एका थेंबात पांढरं करायचं आणि म्हणायचं, बघा, नामस्मरणानं पाप धुतलं गेलं. असले रसायनांचे खेळ दिसायला भारी असतात. पण दोन-तीन वर्षांनी तो मुलगा ते रसायन शाळेच्या लॅबमध्ये बघतो, आणि मग जादूसोबत मूल्यही कचऱ्यात टाकतो. आपण त्याला फसवलं हेच त्याच्या लक्षात राहतं. मिठाच्या प्रयोगात लपवण्यासारखं काहीच नाही, म्हणून तो इतकी वर्षं टिकला.

तिसरी, अर्थ त्यांना सांगू द्या. तासाभरात आला तर ठीक, नाही आला तर पुढच्या आठवड्यात येईल. उद्दालकानं रात्रभर वाट बघितली, आपण निदान चहा होईपर्यंत तरी बघू.

चौथी, उलटा प्रश्न आला की आनंद माना. "उकळलं तर?" म्हणणारा पोरगा हा वर्गातला सगळ्यात लक्ष देणारा पोरगा असतो.

माझा एक मित्र विचारतो, "हे सगळं धर्माच्या नावानं कशाला? नुसती मूल्यं शिकव की." प्रश्न चांगला आहे, आणि ज्याला तसं करायचं त्यानं जरूर करावं. माझं उत्तर एवढंच. काला, मिठाचा पेला, मातीचा गणपती, हे मला वारशानं मिळालंय. त्याच वारशात बंद दरवाजाही मिळालाय. मी वर्ग सोडून दिला तर पोरांना कुणीतरी वारसा देणारच आहे, आणि त्यात काय असेल ते मला ठरवता येणार नाही. म्हणून मी गच्चीत बसतो आणि पातेलं मध्ये ठेवतो.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या एखाद्या लहानग्याला रात्री पेल्यात मीठ टाकायला सांगा आणि सकाळी परत मागा. तो काय म्हणाला ते मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. तुमच्या आजी-आजोबांनी तुम्हाला असं काही हातानं शिकवलं असेल तर तेही सांगा, आमच्या पुढच्या रविवारांना उपयोगी पडेल.

आणि हो, हा भाग आवडला तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. बघूया किती अंगठे येतात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.